पाट्या वाचत वाचत

आधी ते बूट काढा, या वाटेवर ते शोभायचे नाहीत. वाटेगावहून मुंबईला चालत जायचंय. आणखी एक गोष्ट इथंच ठेवायची आहे, ती म्हणजे तुमची अक्षरओळख. शेजारून चालणारा साठ्यांचा तुकाराम अकरा-बारा वर्षांचा आहे आणि शाळेत बसलाय जेमतेम दीड दिवस. मास्तरांच्या माराला कंटाळून तो जो उठला तो कायमचा. तेव्हा तुम्हालाही आता वाचता येत नाही.

ऊन चढतं, टाचा भेगाळतात. मैलाचा दगड दिसला की जीव हरखतो, पण मुंबई किती राहिली हे काही कळत नाही. कुणाला विचारावं तर प्रत्येक जण वेगळाच आकडा सांगतो. वाटेत मिळेल ते काम करायचं, मिळेल ते खायचं, पुन्हा चालायचं.

भायखळ्यात मात्र सावरून राहा. मागून ट्राम घंटा बडवतेय, हातगाडीवाला शिव्या देतोय, कुठं तळणाचा तर कुठं घोड्यांच्या लिदीचा वास. चांदबिबी चाळीत निजायचं आणि सकाळी फेरीवाल्याचं कापडाचं गाठोडं डोक्यावर घेऊन निघायचं. मानेतून घामाची धार वाहते, पण तुकारामाची नजर वर, दुकानांच्या पाट्यांवर! तुम्हीही बघा. सिनेमाच्या पोस्टरवर नटीचा चेहरा आहे, म्हणजे खाली तिचंच नाव असणार. त्यातला ‘स’ धरून ठेवा, पुढच्या चौकात सोडावॉटरच्या पाटीवर तो पुन्हा भेटेल. मधेच एखादी गुजराती पाटी दगा देते. अक्षर ओळखीचं वाटतं, पण त्याच्या डोक्यावर रेघच नसते. शेजारीपाजारी अडलेलं सांगतात. अख्खा रस्ता असा एकेका अक्षरानं उलगडत जातो, आणि एक दिवस तुम्ही न अडखळता सिनेमाची पूर्ण जाहिरात वाचता. माझ्या मते मराठी कादंबरीच्या इतिहासात या पाट्यांचं नाव यायला हवं होतं.

मग गिरणी. भोंगा झाला की खोल्याखोल्यांतून माणसं धावत सुटतात. आत दमट गरम हवा, कारण सूत सुकलं की तुटतं. माणूस भिजला तरी चालतो. नाकात कापसाची तूस, कानात यंत्रांचा असा गोंगाट की शेजारच्याशी हातवाऱ्यांनी बोलावं लागतं. असल्या दिवसानंतर कंदिलापाशी पुस्तक धरून बघा, डोळे मिटतात की नाही ते.

आता माटुंग्याचा लेबर कँप. तुंबलेलं गटार, चुलींचा धूर, आणि दिवे लागले की डासांचे थवेच्या थवे. तुकाराम आता अण्णा भाऊ झालाय. त्यानं पोवाडा रचलाय, तोही कोणा शूर सरदारावर नाही, याच डासांवर! डफावर थाप पडते, झीलकरी सूर धरतात, तुम्ही घामट गर्दीत खांद्याला खांदा लावून उभे. टाळ्या कडकडतात. निम्म्या दाद म्हणून, निम्म्या डास मारायला.

छापील पानाच्या कितीतरी आधी अण्णा भाऊंना हा वाचक मिळाला, आणि तो फार कडक होता. दिवसभर राबून आलेला माणूस कंटाळला तर दाद देत नाही, सरळ उठून जेवायला जातो. संपादक निदान पत्र तरी पाठवतो. पोवाडे झाले, लोकनाट्यं झाली, मोठमोठ्या मैदानांवर अमर शेख आणि गवाणकर या शाहिरांबरोबर त्यांचं लालबावटा कलापथक गाजलं. माणसं खिळवून ठेवायची कशी, हे त्या मैदानांवर कळलं.

कादंबरीला मात्र डफ नाही, झीलकरी नाहीत. लिहिणारा एकटा. ‘चित्रा’ ही त्यांची पहिली कादंबरी. बाजारात गेलात तर ती एकदा हातात घ्या, कोऱ्या कागदाचा आणि शाईचा वास घ्या, आणि मुखपृष्ठावरचं नाव सावकाश, एकेक अक्षर लावत वाचा. पाट्या वाचायचो तसंच.

पुढं तीसहून अधिक कादंबऱ्या आल्या. 1959 साली ‘फकिरा’ आली, तिला राज्य सरकारचा पुरस्कारही मिळाला. बिऱ्हाड मात्र घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत. या एकदा तिकडं, ऐन मे महिन्यात, भर दुपारी. बाहेर पोरांचा दंगा, नळावरची भांडणं, शेजारी मिरच्यांची फोडणी. बसा मांडी घालून, घ्या कागद, आणि होतंय का बघा एक पान लिहून.