उद्दीपनावस्था, संभ्रमयुक्त

मनोदशेतील टोकाचा उल्हास वा चिडखोरपणा आणि उत्साहाचा अतिरेक यांच्या जोडीला संभ्रम (वस्तुस्थितीशी विसंगत, पण युक्तिवादाने न ढळणारी समजूत) किंवा निर्वस्तुभ्रम (बाह्य वस्तू नसताना होणारे संवेदन) ज्या अवस्थेत आढळतात, ती संभ्रमयुक्त उद्दीपनावस्था होय. द्विध्रुवीय विकाराचे (बायपोलर डिसऑर्डर) हे तीव्र रूप असून छिन्नमानस (स्किझोफ्रेनिया) समजून त्याचे चुकीचे निदान दीर्घकाळ होत आले.

उद्दीपन व अवसाद या एकाच रोगाच्या अवस्था आहेत, हे फ्रान्समध्ये बायार्झे व फालरे यांनी १८५४ मध्ये स्वतंत्रपणे मांडले. श्रेय कोणाचे यावरून त्यांच्यात वादही झाला. जर्मन मनोविकारतज्ञ एमील क्रेपेलीन याने १८९९ मध्ये उद्दीपन-अवसाद चित्तविकृती आणि पुढे छिन्नमानस म्हणून ओळखला गेलेला रोग यांत भेद केला. त्याचा भर एखाद्या लक्षणापेक्षा रोगाच्या वाटचालीवर होता. उद्दीपनातही संभ्रम असतात हे तो जाणून होता. पुढे ब्लॉइलरने छिन्नमानसाची कक्षा रुंदावली (१९११). अमेरिकेत तर ती इतकी सैल झाली, की संभ्रम दिसताच छिन्नमानसाचे निदान होऊ लागले.

न्यूयॉर्क व लंडन येथील निदानांची तुलना करणारा प्रकल्प १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हीकडील रुग्णांना एकच प्रमाणित मुलाखत व एकच निकष लावताच रुग्णालयीन निदानांतील तफावत बव्हंशी नाहीशी झाली. फरक रुग्णांत कमी व वैद्यांत अधिक होता. जागतिक आरोग्य संघटनेने आग्र्यासह नऊ केंद्रांत केलेल्या पाहणीतही (१९७३) वॉशिंग्टन व मॉस्को येथील छिन्नमानसाची कल्पना इतरांहून व्यापक असल्याचे दिसले.

हा केवळ नावाचा प्रश्न नव्हता. ऑस्ट्रेलियातील जॉन केड याने १९४९ मध्ये लिथियमचा उद्दीपनावरील गुण दाखविला होता, आणि अमेरिकेत त्यास १९७० मध्ये मान्यता मिळाली. छिन्नमानसाचा शिक्का बसलेला उद्दीपनग्रस्त या उपचाराला मुकण्याची शक्यता मोठी असे. शिवाय कुटुंबीयांपुढे अधिक निराशाजनक भवितव्य मांडले जाई.

कार्लसन व गुडविन यांनी १९७३ मध्ये वीस रुग्णांच्या उद्दीपनाचा क्रम नोंदविला. उल्हास, मग चिडखोरपणा व वाढती अस्वस्थता आणि अखेरीस भयाकुल, विस्कळित अवस्था असा तो होता. शिखरावर असताना काही रुग्ण छिन्नमानसग्रस्तांहून वेगळे ओळखता येत नव्हते. आधीचा व नंतरचा काळ पाहता ते उद्दीपनच ठरे. अमेरिकन मनोविकारतज्ञ संघटनेच्या १९८० च्या वर्गीकरणाने मनोदशेशी विसंगत संभ्रमांनाही उद्दीपनात जागा दिली.

मनोदशेशी सुसंगत संभ्रम बहुधा थोरवीचे असतात : दैवी शक्ती लाभली आहे, अमाप संपत्ती आपली आहे इत्यादी. पण आपल्याविरुद्ध कट शिजत असल्याची समजूत किंवा परस्परांत बोलणारे आवाजही आढळतात. तेवढ्यावरून छिन्नमानस ठरत नाही. निर्णायक ठरतो तो कालक्रम. झोपेची गरज घटणे, अखंड बोलणे, बेफाम खर्च आणि संभ्रम एकाच वेळी वाढतात व ओसरतात काय, हे पाहावे लागते. रुग्णास आपण आजारी आहोत असे वाटत नसल्याने आप्तांची माहिती मोलाची असते. मनोदशा पूर्ववत झाल्यावरही संभ्रम दोन आठवडे वा अधिक टिकले, तर निदानाचा फेरविचार करतात. अवटू ग्रंथीचा अतिरिक्त स्राव, स्टेरॉइडे व मादक द्रव्ये ही कारणे प्रथम वगळावी लागतात. निदान निश्चित करणारी रक्तचाचणी उपलब्ध नाही.