घाटवाटेवरचा मुक्काम

लांबच्या पायी प्रवासासाठी मराठीत एक सुरेख जोडशब्द आहे : मजल-दरमजल. 'मजल' म्हणजे मूळची अरबी 'मंझिल', उतरण्याची जागा. 'मुक्काम' हाही अरबी 'मकाम'. सूफी मंडळी साधनेच्या एकेका पायरीला मकाम म्हणतात. ईश्वराकडे जाणारी वाट एका दमात चालायची नसते, मुक्काम करीत करीत चालायची असते, असा त्यातला भाव. याच वाटेवर 'सराई' फारसीतून आली, 'धर्मशाळा' संस्कृतातून आली आणि 'विसावा' तर आपला घरचाच. शब्द असे एका ओसरीवर गुण्यागोविंदानं बसले. त्या ओसरीवर माणसं मात्र अशी एकत्र बसली का, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सुरुवात जरा दुरून, युरोपातल्या आल्प्स पर्वतापासून करतो. हल्ली आपल्याकडची मुलं-मुली, आणि निवृत्त झालेली मंडळीसुद्धा, तिथं पायी भटकायला जातात. माँ ब्लाँ या शिखराला वळसा घालणारी वाट प्रसिद्ध आहे. ती सुमारे १७० किलोमीटरची असून फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते. ती पुरी करायला दहा-अकरा दिवस लागतात. दिवसभर डोंगर चढायचा-उतरायचा आणि संध्याकाळी डोंगरातल्या झोपडीवजा विश्रामघरात उतरायचं. बूट दाराशी काढायचे, एकाच लांब बाकावर अनोळखी माणसांच्या शेजारी बसून गरम सूप प्यायचं आणि ओळीनं घातलेल्या गाद्यांवर अंग टाकायचं. पुढं वाटाड्या असतो. दुसऱ्या दिवशी दुसरी झोपडी.

हे सारं काही आकाशातून पडलेलं नाही. ग्रेट सेंट बर्नार्ड नावाच्या खिंडीत, २,४६९ मीटर उंचीवर, अकराव्या शतकात ख्रिस्ती साधूंनी निवारा बांधला. बर्फात सापडलेल्या वाटसरूला आत घ्यायचं, एवढंच त्यांचं व्रत. पुढं १७८६ साली बाल्मा आणि पाकार हे शामोनीचे दोघे माँ ब्लाँच्या माथ्यावर पोचले आणि हौशी गिर्यारोहकांची रीघ लागली. १८२० साली त्या शिखरावर हिमलोट कोसळून तीन वाटाडे दगावले. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना काढली. नंबर कुणाचा, मजुरी किती, याचे नियम ठरले. काल साहेबाचं ओझं वाहणारा शेतकरी त्यामुळं कसबी आणि मानाचा माणूस झाला. १८६३ मध्ये स्विस गिर्यारोहकांचा क्लब निघाला आणि त्याच वर्षी त्यांनी डोंगरात पहिली झोपडी उभारली. म्हणजे या पदयात्रेचे तीन खांब : वाट, वाटाड्या आणि निवारा.

आता आपल्या डोंगराकडं वळू. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, पण समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या या चिंचोळ्या पट्टीचा व्यवहार शतकानुशतकं घाटवाटांवर चालत आला. उत्तरेकडून मोजत आलो तर भुईबावडा, करूळ, फोंडा, मग नारूरहून रांगण्याकडं चढणारी पायवाट, हनुमंत घाट, पारपोली म्हणजेच आंबोली आणि अगदी दक्षिणेला तळकट आणि रामघाट. यातल्या काहींचे आज डांबरी रस्ते झाले, तर काही रानात बुडाल्या. इथून वर जायचं शिरोड्याच्या मिठागरांचं मीठ, नारळ, सुपारी आणि सुकी मासळी. वरून उतरायचा गूळ, मिरची, तंबाखू आणि धान्य. खालच्या माणसाच्या लेखी वरचा तो 'घाटी', आणि वरच्याच्या लेखी खालचा तो 'कोकण्या'. एकमेकांना नावं ठेवायची, पण एकाचं मीठ आणि दुसऱ्याचा गूळ यांच्याशिवाय दोघांचंही चालायचं नाही.

हा माल माणसांच्या डोक्यावरून आणि पाठाळ बैलांच्या पाठीवरून जायचा. लमाणांचे तांडे यायचे. आल्प्समध्ये भीती बर्फाची, तशी इथं पावसाची. आंबोलीला वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून पावसाळ्यात वाट बंद, आणि दसरा-दिवाळी उलटली की ती पुन्हा वाहती. माझे आजोबा सुके बांगडे आणि गोलमो घेऊन घाट चढणाऱ्यांपैकी एक. आमच्या घरात अंतर मैलांनी सांगत नसत. 'पहिला मुक्काम घाटाखाली, दुसरा घाटमाथ्यावर, तिसरा बाजारात' असं सांगत. अंतर म्हणजे किती रात्री कुणाच्या आसऱ्यानं काढायच्या, त्याचा हिशेब.

तो आसरा तऱ्हतऱ्हेचा असे. देवळाची ओवरी, वडाचा पार, दर्ग्याचा मंडप, एखादी धर्मशाळा, घाटमाथ्यावरचा धनगरवाडा. धनगराच्या खोपटात ताक मिळायचं आणि पुढच्या वाटेची खबरही. निवारा बांधणं हे आपल्याकडं पुण्यकर्म मानलं गेलं. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात देशभर धर्मशाळा, विहिरी आणि घाट बांधले. त्याआधी दोन शतकं शेरशाह सूरनं हमरस्त्यावर सरायांची रांग उभी केली होती. आणखी मागं गेलं तर जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांची लेणी आहे. तिच्यात राणी नागनिकेचा लेख आहे आणि जवळच जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. दामोदर धर्मानंद कोसंबी ही वाट स्वतः पायी तुडवत हिंडले. डोंगरातली लेणी आणि व्यापाराच्या वाटा यांचं नातं त्यांनी उलगडून दाखवलं. भिक्षूंचा विहार आणि सार्थवाहाचा मुक्काम एकमेकांच्या शेजारी होते.

आमच्या किनाऱ्याच्या दक्षिणेला एक नामांकित मुसाफिर येऊन गेला. मोरोक्कोचा इब्न बतूता. महंमद तुघलकानं चीनला पाठवलेला वकील म्हणून तो १३४२ मध्ये दिल्लीहून निघाला. गोव्यापासून कोल्लमपर्यंतच्या वाटेचं त्यानं केलेलं वर्णन वाचण्यासारखं आहे. सगळी वाट झाडांच्या सावलीतून जाते. दर अर्ध्या मैलावर लाकडी घर असतं. त्यात बाकं असतात आणि त्यांवर हिंदू-मुसलमान कुणीही बसावं. शेजारी विहीर आणि पाणी पाजायला एक हिंदू माणूस. आलेला वाटसरू हिंदू असेल तर हा माणूस त्याला भांड्यानं पाणी देतो, मुसलमान असेल तर त्याच्या ओंजळीत ओततो.

यातला बारकावा लक्षात घ्या. बाक सर्वांना एक, पण भांडं एक नाही. तहानलेल्याला नाही म्हणायचं नाही हा धर्म, आणि भांड्याला हात लावू द्यायचा नाही हाही धर्मच. सहाशे-पावणेसातशे वर्षांपूर्वीच्या त्या लाकडी घरात आपल्या पाहुणचाराचा मोठेपणा आणि त्याची मर्यादा, दोन्ही शेजारीशेजारी बसलेले दिसतात.

त्या ओंजळीलाही जो पारखा होता, त्याची गोष्ट याहून कडू आहे. आल्प्समधल्या वाटाड्याबद्दल मघाशी बोललो. आपल्या गावगाड्यात वाटाड्या कोण होता? परगावच्या अंमलदाराला वाट दाखवणं, त्याचं सामान पुढच्या गावच्या वेशीपर्यंत पोचवणं, सरकारी खजिन्याबरोबर चालणं ही कामं वतनाच्या नावाखाली महार समाजाकडं होती. रात्री-अपरात्री, उन्हापावसात, बहुधा फुकट. ज्याला डोंगराची वाट न वाट ठाऊक, त्यालाच मुक्कामाच्या धर्मशाळेची पायरी बंद. शामोनीच्या वाटाड्यांनी १८२१ मध्ये आपले हक्क बांधून घेतले. या वतनाच्या वेठीविरुद्धचं विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात १९२८ साली मांडलं, आणि ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या निधनानंतर.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला १९०१ सालचा प्रसंग आहे. शाळकरी भीमराव बरोबरच्या मुलांसह वडिलांकडं निघाले आणि सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकायची आणि त्यानं बाजूनं चालायचं, या अटीवर. रात्री जकात नाक्यावर मुक्काम पडला. जवळ डबा होता, पण पाणी नव्हतं. गाडीवानानं सुचवलं, 'मुसलमान आहोत म्हणून सांगा, मिळालं तर मिळेल पाणी.' भीमरावांनी नाकेदाराशी उर्दूत बोलून पाहिलं, तरी पाणी मिळालं नाही. मुलं उपाशी झोपली. नाक्याची ती झोपडी म्हणजे आपल्या इतिहासातलं एक विश्रामघरच म्हणायचं. छप्पर होतं, दिवा होता, आत माणूसही होता. नव्हता तो फक्त पाहुणचार.

दुसरा प्रसंग १९३४ चा, दौलताबादचा. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर बाबासाहेब आणि त्यांच्या सोबत्यांनी हातपाय धुतले. रमजानचे दिवस होते. एक म्हातारा मुसलमान 'यांनी हौद बाटवला' असं ओरडत धावून आला आणि जमाव जमला. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. वजू करून एका ओळीत उभं राहण्याची शिकवण ज्या धर्मानं दिली, त्या धर्माच्या माणसानं पाण्यावर पहारा बसवला. दार बंद करण्याची विद्या कुणा एका समाजाची मिरास नाही.

आणि ती एका देशाचीही नाही. ज्या आल्प्सच्या झोपड्यांचं कौतुक मघाशी केलं, त्यांच्याही दारावर काळा डाग आहे. जर्मन-ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबनं १९२४ साली 'डोनाउलँड' ही आपली शाखा बाहेर काढली, कारण तिच्यात ज्यू सभासद होते. पुढं कित्येक झोपड्यांवर 'ज्यूंना इथं मज्जाव' अशा अर्थाच्या पाट्या लागल्या. सूप तेच, बाकही तेच, पण दाराशी पाटी. आपल्या पार आणि पाणवठ्यांना पाटीचीही गरज नव्हती, ती सर्वांना पाठ होती.

या अंधारात एक मोठा दिवा मात्र तेवत राहिला, पंढरीची वारी. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला असं मानतात. आळंदीच्या पालखीला आजचं शिस्तबद्ध रूप हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात दिलं. कुठं विसावा, कुठं मुक्काम, कोणती दिंडी कितवी, सारं ठरलेलं. मजल-दरमजल चालण्याची इतकी मोठी व्यवस्था जगात क्वचितच असेल. देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीची पहिली आरती अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी होते. 'मकाम' आणि 'विसावा' हे दोन शब्द तिथं एका दाराशी भेटतात. अर्थात वारीच्या शेवटच्या मुक्कामाचं, खुद्द विठोबाच्या देवळाचं दार दलितांना उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं, हेही विसरता येत नाही.

इंग्रजी अमदानीत वेंगुर्ल्याचं बंदर आणि बेळगावची छावणी जोडणाऱ्या वाटेला महत्त्व आलं. आधी रामघाट, मग आंबोलीचा गाडीरस्ता. डाकबंगले आले, खानसामा आला, पाहुण्यांची नोंदवही आली. पण बंगला मुख्यतः साहेबासाठी, आणि हमालानं झाडाखाली झोपायचं. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदराहून घाटावर रेल्वे चढली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. मग मोटारी आल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे आली. तीन मुक्कामांचा घाट दोन तासांवर आला आणि मुक्काम नाहीसे झाले. याचं फार दुःख करू नये. एसटीच्या बाकावर कुणी जात विचारली नाही. तिकीट काढलं की जागा आपली. जे धर्मशाळेला जमलं नाही, ते लाल डब्यानं करून दाखवलं.

आता पुन्हा पायी चालण्याचे दिवस आलेत. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. घरोघरी पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या, शहरातले तरुण रांगणा आणि मनोहरगडाच्या वाटा शोधत येतात. घाटवाटांवर आल्प्ससारखी मुक्कामाची साखळी का असू नये? जरूर असावी. धनगरवाड्यातला पोरगा वाटाड्या व्हावा. त्याला शामोनीच्या वाटाड्यासारखा दर मिळावा आणि मानही. गावच्या बाईनं रांधलेल्या कुळथाच्या पिठीला तिकडच्या सुपाचा भाव यावा. बुजलेल्या वाटा उजळाव्यात, पाण्याचे झरे साफ व्हावेत.

पण वाट आणि वाटाडे मिळाले म्हणजे काम झालं असं नाही. तिसरा खांब निवाऱ्याचा, आणि निवारा भिंतींनी होत नाही, दारानं होतो. खोली विचारणाऱ्याचं आडनाव ऐकल्यावर 'आज जागा नाही' असं उत्तर बदलत असेल, तर आपण १९०१ च्या जकात नाक्यावरच उभे आहोत, फक्त छपरावर कौलांऐवजी पत्रा आला इतकंच. घाट चढून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं. तेही भांड्यानं, आणि भांडं त्याच्या हातात. नाव-गाव मग विचारावं, तेसुद्धा पुढची वाट सांगण्यापुरतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)