स्क्वॉट : आधी खोली, मग वजन

आधुनिक व्यायामशाळांमध्ये सर्वाधिक गर्दी असते ती छातीच्या आणि दंडाच्या व्यायामासाठी. स्क्वॉटचा रॅक पुष्कळदा रिकामा दिसतो. नाहीतर तेथे कुवतीबाहेरचे वजन खांद्यावर घेऊन गुडघे जेमतेम वाकविले जातात. दोन्ही प्रकारांत पायांचा विकास अपुराच राहतो. वास्तविक मांड्यांचे पुढचे व मागचे स्नायू, नितंब आणि कंबर यांना एकाच हालचालीत कामाला लावणारा याच्याइतका उपयुक्त व्यायाम क्वचितच सापडेल.

महाराष्ट्राला ही हालचाल नवी नाही. तालमीत जोर आणि बैठका हा व्यायामाचा पाया मानला जातो. मात्र बैठकीत टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो आणि आवर्तने शेकड्यांनी काढली जातात. त्यामुळे दमसास उत्तम वाढतो. बारबेलच्या स्क्वॉटमध्ये टाचा जमिनीला टेकलेल्या असतात, आवर्तने मोजकी असतात आणि वजन क्रमाने वाढत जाते. अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांवर उपचार करताना हाच भेद १९४५ साली मांडला होता : ताकदीसाठी जड वजन व कमी आवर्तने, दमासाठी हलके वजन व अधिक आवर्तने.

योग्य पद्धत

पावले साधारण खांद्याइतक्या अंतरावर ठेवावीत आणि चवडे किंचित बाहेर वळवावेत. बार मानेच्या मणक्यावर न ठेवता त्याखालील, पाठीच्या वरच्या भागातील स्नायूंवर टेकवावा. खाली जाण्यापूर्वी पोटात श्वास भरून कंबर ताठ करावी. मग खुर्चीवर बसावे तसे नितंब मागे नेत गुडघे वाकवावेत. गुडघे पावलांच्या दिशेनेच पुढे गेले पाहिजेत. मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत किंवा त्याहून थोडे खाली जावे आणि संपूर्ण तळव्यावर भार देत उठावे. उठताना छाती आणि नितंब एकाच वेगाने वर आले पाहिजेत. अर्धी वाट चढून गेल्यावर श्वास सोडावा. रक्तदाबाच्या रुग्णांनी श्वास रोखून वजन उचलण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

नेहमीच्या चुका

उठताना गुडघे आत झुकणे ही सर्वांत सामान्य चूक. वजन कमी करून, गुडघे जाणीवपूर्वक बाहेर ढकलण्याची सवय लावल्यास ती सुधारते. टाचा उचलल्या जात असतील तर दोष बहुधा घोट्याच्या ताठरपणात असतो. पोटऱ्यांना व घोट्यांना ताण देणारे व्यायाम रोज करावेत. तोपर्यंत टाचांखाली पातळ प्लेट ठेवण्यास हरकत नाही. नितंब आधी वर येऊन छाती खाली राहिली, की सारा भार कमरेवर पडतो. अशा वेळी एकच डंबेल दोन्ही हातांनी छातीशी धरून स्क्वॉट करावेत. समोरच्या वजनामुळे धड आपोआप सरळ राहते आणि तंत्र लवकर अंगवळणी पडते.

अर्धवट बसण्याची चूक मात्र चटकन लक्षात येत नाही. पाय सरळ असताना सांध्यांवर येणारा भार कमी असतो. म्हणून थोडेसेच वाकणाऱ्याला पुष्कळ जास्त वजन पेलते. बारवरचा आकडा वाढतो, पण खोल बसल्यावर लागणारी ताकद तेवढी वाढत नाही.

गुडघ्यांचे काय?

खोल स्क्वॉटमुळे गुडघ्यांचे अस्थिबंध सैल होतात, असा निष्कर्ष टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाईन यांनी १९६१ मध्ये काढला आणि ही भीती दूरवर पसरली. पुढील अभ्यासांत या निष्कर्षाला दुजोरा मिळाला नाही. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तर नितंबाच्या सांध्याजवळील मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेल्याखेरीज स्क्वॉट ग्राह्यच धरला जात नाही. निरोगी गुडघ्याला धोका असतो तो धाडकन खाली बसून उसळी घेण्याचा आणि एकाएकी वाढविलेल्या वजनाचा. गुडघा आधीच दुखत किंवा सुजत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवूनच व्यायाम ठरवावा.

ताकद कशी वाढवावी?

प्रथम काही आठवडे वजनाविना आणि नंतर केवळ बार घेऊन सराव करावा. स्पर्धेतील पुरुषांचा बार २० किलोंचा असतो. नवशिक्यास हे वजनही जड वाटू शकते. आठवड्यातून दोन दिवस, पाच ते आठ आवर्तनांचे तीन सेट पुरेसे होतात. शेवटच्या आवर्तनातही खोली आणि पाठीची ठेवण कायम राहिली, तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवावेत. ती बिघडली, तर त्याच वजनावर थांबावे. प्रगती खुंटल्यास तळाशी दोन सेकंद थांबून उठण्याचा प्रयोग करावा. जोडीला लंज आणि पोटऱ्यांचे व्यायाम ठेवावेत. जड वजनाच्या वेळी रॅकच्या आडव्या सळ्या योग्य उंचीवर लावाव्यात किंवा जाणकार साथीदार मागे उभा करावा.

पायांची ताकद केवळ खेळाडूंनाच हवी असते असे नाही. सोफा, कमोड आणि लिफ्ट यांच्या सोयीमुळे शहरी माणसाचे खाली बसणे-उठणे जवळजवळ संपले आहे. वाढत्या वयात स्नायू झिजू लागले, की खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणेही कठीण होते. मांडी घालून जमिनीवर बसणे आणि आधाराविना उठणे म्हातारपणीही जमावे असे वाटत असेल, तर चाळिशी-पन्नाशीतही या व्यायामास आरंभ करता येतो. सुरुवातीला खुर्चीवर बसून उठण्याची दहा आवर्तने पुरेत.