बंडखोराला सूर सापडतो तेव्हा

मंडळी, आज जरा वेगळा विषय. "लोणावळ्यात बसून मास्तरीणबाई रॉकवर काय लिहिणार?" असं काही नातेवाईक म्हणतील. म्हणोत बापडे! भाच्याने ऐकवलेल्या गाण्यांमुळे एक प्रश्न डोक्यात शिरलाय. तरुणपणी बंड करणारा कलाकार पुढे सुरेल झाला, की 'हा थंड पडला' असं आपण लगेच का म्हणतो?

आधी थोडं लंडनचं सांगते. १९७६-७७ च्या सुमारास तिथे पंक रॉकची लाट आली. मोजक्या कॉर्ड, भरधाव वेग आणि बेकार तरुणांचा राग. त्यातल्या 'द क्लॅश' या बँडचा पहिला अल्बम १९७७ चा, तसाच आरडाओरड्याचा. पण १४ डिसेंबर १९७९ ला त्यांनी 'लंडन कॉलिंग' काढला. नाव घेतलं बीबीसी युद्धकाळात परदेशी श्रोत्यांना घालत असे त्या सादेवरून. १९ गाणी, दोन रेकॉर्डी आणि किंमत मात्र एकीचीच! त्यात रेगे होतं, जॅझ होतं, जुनं रॉक अँड रोलही होतं. मुखपृष्ठावर गिटार जमिनीवर आपटणारा वादक आणि आत गुणगुणता येतील अशा चाली. विषय मात्र तेच, बेकारी, पोलीस, अणुशक्तीची भीती. राग गेला नव्हता. त्याला सूर सापडले होते.

आता घाटाखाली मुंबईत येऊ. १९८४ मध्ये तिथे 'रॉक मशीन' नावाचा बँड सुरू झाला. पंक नव्हे, हार्ड रॉक. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. बहुतेक बँड तेव्हा परदेशी गाण्यांच्या नकला वाजवत. यांनी स्वतःची इंग्रजी गाणी रचली. १९८८ च्या अल्बमचं नावच 'रॉक अँड रोल रेनिगेड', म्हणजे बंडखोर! पुढे १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. यंत्र गेलं, सिंधू आली. १९९५ चा अल्बम याच नावाने निघाला आणि १९९७ मध्ये बँड फुटला. हिंदी सिनेमा आणि इंडीपॉपच्या त्या दिवसांत इंग्रजी रॉकला पोट भरण्याइतकी जागा नव्हती.

गोष्ट इथे संपली असती. पण २०१० मध्ये ते पुन्हा जमले. जुन्यांपैकी बेनेगल, तिनईकर आणि झुबिन बालापोरिया. सोबत नव्या पिढीचे रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. आठच गाणी, पण सावकाश उलगडणारी, वळणं घेणारी. आवाज चढतो, पण कारण असेल तेव्हाच. म्हणजे नव्या गाण्यांच्या पूर्ण अल्बमसाठी मधे १७ वर्षं गेली!

अशा वेळी श्रोते बहुधा जुनंच गाणं मागतात. त्यांना खरं तर स्वतःचं कॉलेज परत हवं असतं. कलाकाराने विशीतच थांबावं, आपण मात्र संसार करावा, पेन्शन घ्यावी... हा कुठला न्याय?

आमच्या मावळातला भंडारा डोंगर बघा. तिथे बसून चिंतन करणारे तुकोबा ढोंग्यांना शब्दांनी सोलून काढतात आणि विठ्ठलाशी लेकरासारखं बोलतात. त्यांची कोमल वाणी ऐकून कुणी म्हणतं का, की तुकोबा नरमले?

इथल्या चिक्कीवाल्यांनाही हे ठाऊक असतं. पाक कच्चा राहिला तर दाताला चिकटतो, जळला तर कडू लागतो. आच लागतेच, पण ती सांभाळावी लागते. वर्गात मी बरीच तापट मुलं पाहिली. त्यांचा राग विझावा असं मला कधी वाटलं नाही. तो नीट मांडता यावा, एवढंच वाटायचं.

तेव्हा कुणी जुना बंडखोर नवं गाणं घेऊन आला, तर जुन्याची फर्माईश करण्याआधी नवं एकदा पूर्ण ऐकू या.

असो. तुमच्या ऐकण्यातलं असं कुणी असेल, तर जरूर कळवा.