सेकिगाहारा : दुसऱ्यांच्या वैरावर उभी राहिलेली सत्ता

१/ ‘टोटल वॉर : शोगुन २’ या व्हिडिओ गेममध्ये एखादे घराणे फार प्रबळ झाले की इतर घराणी आपसांतले वैर विसरून त्याच्यावर उलटतात. प्रत्यक्ष जपानमध्ये तोकुगावा इएयासूने अशी एकजूट होऊ दिली नाही.

२/ १५९८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी वारला. वारस हिदेयोरी अवघा पाच वर्षांचा. दरबारात दोन तट होते : एकीकडे कारभारी इशिदा मित्सुनारी, तर दुसरीकडे कोरियाच्या मोहिमेत लढलेले कातो कियोमासा, फुकुशिमा मासानोरी यांसारखे सरदार.

३/ १५९९ मध्ये हे सरदार मित्सुनारीच्या जिवावर उठले. इएयासूने मध्यस्थी केली. मित्सुनारीचे प्राण वाचले, पण अधिकार गेला. वैर मात्र धुमसतच राहिले.

४/ म्हणूनच २१ ऑक्टोबर १६०० रोजी सेकिगाहाराच्या रणांगणात हिदेयोशीच्या हाताखाली वाढलेला फुकुशिमा इएयासूच्या आघाडीवर होता. ऐन लढाईत कोबायाकावा हिदेआकीही फिरला आणि मित्सुनारीची फळी मोडली.

५/ १६०३ मध्ये इएयासू शोगुन झाला. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, हिदेयोरीने आत्महत्या केली. १६१९ मध्ये विनापरवाना किल्ला दुरुस्त केल्याच्या ठपक्यावरून फुकुशिमाचे हिरोशिमाही गेले. मित्सुनारीवरचा राग शमला. पण ज्या घराण्याचे मीठ खाल्ले, ते घराणेच उरले नाही.