उंबरठ्याबाहेरची गोम

कल्याण तालुक्यातील खडवली हे भातसा नदीकाठचे गाव. कल्याण-वासिंद लोहमार्ग 1855 साली सुरू झाला आणि या परिसरात आगगाडी आली. परंतु पावसाळ्यात घरात शिरणाऱ्या गोमेशी येथील माणसाचा झगडा त्याहून पुष्कळच जुना आहे. भातखाचरे पाण्याने भरली की दगडांखाली आणि पालापाचोळ्यात राहणारी गोम निवारा शोधीत निघते. मोठ्या गोमेचा, म्हणजे घोणीचा, दंश माणसाच्या जिवावर क्वचितच बेततो; पण त्याची वेदना रात्र जागवते आणि जमिनीवर निजणाऱ्या घराला तिचे भय वाटते, यात नवल नाही.

आपल्या पूर्वजांनी या भयावर उपाय शोधला तो मारण्याचा नव्हे, बाहेर ठेवण्याचा. घर उंच जोत्यावर बांधावे, कारवीचे कूड माती-शेणाने लिंपावेत, जमीन चोपून घट्ट करावी आणि सारवून तिच्या फटी बुजवाव्यात, ही त्याची रीत. आगोटीच्या दिवसांत कौले चाळली जात, वळचणीचे पाणी जोत्यापासून दूर वळविले जात असे, लाकूडफाटा भिंतीपासून हलविला जात असे. चुलीची ऊब घर कोरडे ठेवी. यातील बहुतेक श्रम स्त्रियांचे होते आणि इतिहासाने त्यांची नोंद ठेवलेली नाही.

या रीतीमागील कारण शास्त्राने पुढे स्पष्ट केले. गोमेच्या कवचाला कीटकांसारखे मेणाचे परिपूर्ण आवरण नसते. त्यामुळे कोरड्या हवेत तिच्या अंगातील पाणी झपाट्याने उडून जाते. तिला पूर नको असतो, पण ओल हवीच असते. जेथे ओल नाही आणि झुरळेही नाहीत, तेथे ती फार काळ टिकत नाही. सारवणाऱ्या हातांना हा सिद्धान्त ठाऊक नव्हता. त्यांना अनुभव ठाऊक होता.

ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न परका नव्हता. जुन्या रोमन विधिग्रंथात उंदीर, टोळ, अळ्या आणि इतर उपद्रवी प्राण्यांपासून रक्षण व्हावे म्हणून एक आशीर्वादविधी आढळतो. पेरू देशातील लिमा येथील डॉमिनिकन बंधू संत मार्टिन दी पोरेस (1579–1639) यांची आख्यायिका तर सर्वश्रुत आहे. मठातील उंदरांना विष घालण्याऐवजी त्यांनी उंदरांना बागेत राहावयास सांगितले आणि तेथे रोज अन्न नेऊन दिले. 1962 साली त्यांना संतपद जाहीर झाले. प्राण्याची जागा बाहेर, आपली आत, आणि दोघांचाही निर्माता एकच, हा त्या कथेचा आशय.

विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र हा विवेक मागे पडला. गॅमेक्झिनची भुकटी बाजारात आली आणि मोरीच्या तोंडाशी, उंबरठ्यापाशी, धान्याच्या कोठ्यांभोवतीही ती सर्रास टाकली जाऊ लागली. त्याच उंबरठ्यावर मुले रांगत होती. ज्या बेंझिन हेक्झाक्लोराइडपासून ती बनत असे, त्याचे अंश पुढे मातेच्या दुधातही आढळले. भारतात त्यावर 1997 साली बंदी आली. गोम दंश करी तेव्हा कळत तरी असे; हा दंश पिढीभर कोणाला कळला नाही.

आज कुडाच्या जागी सिमेंट आले, खडवलीच्या आसपास इमारती उभ्या राहिल्या. तरीही गोम घरात येतेच. तिची वाट फक्त बदलली. स्नानगृहाची मोरी, गळका नळ, पायरीलगत साचलेला कचरा, दाराखालची फट या तिच्या नव्या वाटा आहेत. मोरीला बारीक जाळी बसवावी, गळती थांबवावी, फट बुजवावी, भिंतीलगतचा पालापाचोळा उचलावा, झुरळांना खाद्य मिळू देऊ नये. नीट पाहिले तर आजीच्या आगोटीचीच ही कामे आहेत. फरक इतकाच की ती आता एकट्या गृहिणीवर न सोडता घरातील सर्वांनी वाटून घ्यावीत.

मराठीत दडलेल्या उणिवेलाही ‘गोम’ म्हणतात. आपल्या घरांची खरी गोम त्या बहुपाद प्राण्यात नसून आपण दुर्लक्षिलेल्या ओलीत आहे. दगडाखाली अंड्यांभोवती वेटोळे घालून दिवसेंदिवस राखण करणारी घोण हीदेखील एक माताच आहे. तिने तिच्या घरी राहावे, आपण आपल्या. आणि दोहोंमधला उंबरठा कोरडा ठेवण्याची जबाबदारी आपली.