मॉड्यूलचे आडनाव

‘मॉडेल्स_ऑर्डर’ नावाचे टेबल सापडत नाही, अशी तक्रार डेटाबेसने केली तेव्हा मी चक्रावलोच. त्या नावाचे टेबल मी बनवलेच नव्हते. साल २०१२, पुण्यातले एक छोटे ऑफिस, जँगो या वेब फ्रेमवर्कची १.४ आवृत्ती. ‘शॉप’ या ॲपची मॉडेल्सची फाइल मारुतीच्या शेपटीसारखी वाढली होती. दुपारी बसून मी तिचे तुकडे केले आणि ‘मॉडेल्स’ नावाच्या फोल्डरात नीट लावून ठेवले. वाटले, आवराआवर झाली. संध्याकाळी ‘शॉप_ऑर्डर’ टेबलाला कोणी ओळखच देईना.

शेवटी जँगोचाच कोड उघडला. मॉडेल कोणत्या ॲपचे, हे ठरवायची तिथली युक्ती एका ओळीची: मॉड्यूलचा पूर्ण पत्ता टिंबांवर तोडायचा आणि शेवटून दुसरा तुकडा उचलायचा. ‘शॉप.मॉडेल्स’मधून ‘शॉप’ मिळते, ठीक. पण माझा पत्ता झाला होता ‘शॉप.मॉडेल्स.ऑर्डर’. शेवटून दुसरा कोण? ‘मॉडेल्स’! घराण्याचे नाव पुसून त्याजागी खोलीचे नाव लागले. टेबलाचे नावही त्यावरूनच बनते. आधी ॲप, मग मॉडेल, म्हणजे आपल्या सरकारी फॉर्मसारखे आडनाव पहिले.

एवढी भाबडी युक्ती का, याचे उत्तर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये जँगोचे काम सुरू केले. बातमीची वेळ कुणासाठी थांबत नाही, आणि एकदा लिहिलेला तुकडा दुसऱ्या साइटवरही चालायला हवा. ‘ॲप’ ही कल्पना या निकडीतली. जुलै २००५ मध्ये जँगो सर्वांसाठी खुले झाले. नाव गिटारवादक जँगो राइनहार्टचे.

सुरुवातीला तर याहून मोठी जादू होती. तुमची मॉडेल्स तुमच्या फोल्डरात असली तरी ती मागवायची ‘जँगो.मॉडेल्स’च्या खालून. लेक आपली, पण पत्ता सासरचा. ही जादू काढण्यासाठी वेगळी शाखाच काढली गेली आणि जुलै २००६ च्या ०.९५ आवृत्तीत मॉड्यूल आपापल्या घरी परतले. जादू गेल्यावर मागे उरली ती टिंबे मोजण्याची युक्ती. ॲपला स्वतःचे लेबल देऊ द्या, ही मागणी ३५९१ क्रमांकाच्या तिकिटावर २००७ मध्ये नोंदवली गेली. ती पूर्ण व्हायला २०१३ चा डिसेंबर उजाडला. एमेरिक ऑगुस्तँ यांनी ते काम तडीस नेले आणि सप्टेंबर २०१४ च्या १.७ आवृत्तीत ते लोकांच्या हाती आले.

नवी रीत मला मनापासून आवडते. आता टिंबे मोजणे नाही. नोंदवलेल्या प्रत्येक ॲपचे नाव मॉड्यूलच्या पत्त्याच्या सुरुवातीशी ताडून पाहायचे. जुळले तर पुढचे अक्षर टिंब आहे का, की पत्ता तिथेच संपतो, हेही बघायचे. नाहीतर ‘शॉप’ ‘शॉपिंग’वरही हक्क सांगेल. दावेदार अनेक निघाले तर सर्वांत लांब नावाचा जिंकतो, कारण तोच सर्वांत जवळचा. आणि कोणीच निघाला नाही तर? १.९ पासून, लेबल स्वतः लिहिले नसेल तर, जँगो सरळ चूक दाखवून थांबते. २०१२ मध्ये मला हेच हवे होते.

जादू काढण्याच्या त्याच मोहिमेत टेबलांची अनेकवचनेही गेली. ‘ऑथ_यूझर्स’चे ‘ऑथ_यूझर’ झाले. वापरकर्त्याचे स्वतःचे मॉडेल न देता आज नवा प्रकल्प सुरू करा, मायग्रेट करा आणि टेबलांची यादी बघा. ‘ऑथ_यूझर’ तिथे असेल.